दुखापत झाली म्हणजे खेळ संपला का? सानियाचं मनगट, खाशाबांचा गुडघा आणि आपली मुलं



क्रीडा महोत्सवाचे दिवस आले की आपण परिपाठात खेळाडूंच्या गोष्टी सांगतो. गोष्टीचा साचा बहुतेक ठरलेला असतो. साधं घर, मेहनत, जिद्द आणि शेवटी पदक. टाळ्या होतात आणि मुलं रांगेने वर्गात जातात. या गोष्टीतला एक भाग मात्र नेहमी गळतो. तो म्हणजे दुखापत. मोठ्या खेळाडूंच्या आयुष्यात ती असतेच, आणि आपल्या शाळेतल्या मुलांच्या वाट्यालाही पदकापेक्षा मुरगळलेला पायच जास्त वेळा येतो. म्हणून आजच्या पाठात हा गळलेला भागच घेऊ या. इयत्ता चौथी-पाचवीला हा पाठ दोन तासिकांत होतो. पालकांनीही घरी मुलांना वाचून दाखवला तरी चालेल.

१. सानिया मिर्झा : मनगटाची गोष्ट

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ ला मुंबईत झाला. वाढली ती हैदराबादला, आणि सहाव्या वर्षी तिथेच तिच्या हातात टेनिसची रॅकेट आली. २००३ मध्ये तिने विम्बल्डनला मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वा क्रमांक. तेव्हा ती अजून एकवीस वर्षांचीही नव्हती.

तिची सगळी ताकद उजव्या हाताच्या फोरहँडमध्ये होती. आता मुलांना विचारा, चेंडू जोरात मारताना हाताचा कोणता भाग सगळ्यात शेवटी झटका देतो? मुलं हात हलवून बघतात आणि सांगतात, मनगट. बरोबर. तोच फटका रोज शेकडो वेळा मारला की मनगटातल्या कंडरांवर ताण साचत जातो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. विहिरीचा दोर रोज एकाच जागी घासला की तिथेच झिजतो, तसंच हे.

२००८ मध्ये सानियाच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती खेळायला उतरली, पण पहिल्याच फेरीत मनगटाच्या दुखण्याने तिला सामना अर्धवट सोडावा लागला. त्यानंतर काही महिने आपण फार निराश होतो, रडत होतो, पुन्हा खेळता येईल की नाही हेच कळत नव्हतं, असं तिने पुढे स्वतःच सांगितलं आहे. हा भाग मुलांना नक्की सांगावा. देशाची सगळ्यात मोठी टेनिसपटूसुद्धा रडते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मुलांना कळलं पाहिजे.

मग जानेवारी २००९ मध्ये ती महेश भूपतीसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. २०१२ ला दोघांनी फ्रेंच ओपन जिंकलं. पण शरीर एकेरीचा भार पेलत नव्हतं. दोन्ही गुडघे आणि एक मनगट, अशा तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. एकेरीत पूर्ण मैदान एकट्याने पळावं लागतं, दुहेरीत ते वाटून घेता येतं. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि फक्त दुहेरी खेळायचं ठरवलं.

पुढचं गणित फळ्यावर मांडा. २०१४ ला अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी. २०१५ ला मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन. २०१६ ला पुन्हा तिच्याचसोबत ऑस्ट्रेलियन ओपन. १३ एप्रिल २०१५ ला दुहेरीत जगात पहिला क्रमांक, आणि सगळे मिळून ९१ आठवडे त्या जागेवर. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले.

आता मुलांना मोजायला लावा. सानियाची ग्रँड स्लॅम विजेतेपदं एकूण सहा. त्यातली २००८ च्या दुखापतीच्या आधीची किती? शून्य. सहाच्या सहा त्या मनगटानंतरची. वर्गात हे उत्तर आलं की दोन क्षण शांतता होते. ती होऊ द्यावी, आपण लगेच बोलू नये.

हिंगिसची गोष्टही इथेच जोडता येते. १९९७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ती एकेरीत जगात पहिली झाली आणि घोट्यांच्या दुखापतींमुळे २००३ मध्ये, बावीसाव्या वर्षी खेळ सोडून गेली. नंतर ती परतली. म्हणजे विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्यात नेटच्या एका बाजूला दुखापतींनी एकेरीबाहेर काढलेल्या दोघी उभ्या होत्या. तिसऱ्या सेटमध्ये २-५ ने मागे असताना तिथून त्या ७-५ ने जिंकल्या.

२. शेवट कोणी ठरवायचा?

२०२२ हे आपलं शेवटचं वर्ष, असं सानियाने जाहीर केलं होतं. पण ऑगस्टमध्ये कॅनडात खेळताना हाताला दुखापत झाली, कोपराजवळची कंडरा थोडी फाटली आणि अमेरिकन ओपन हुकली. तिथेच सगळं संपलं असतं. पण दुखापतीने बाहेर काढलं म्हणून जायचं नाही, आपण ठरवून जायचं, असं तिने ठरवलं. काही आठवडे विश्रांती घेतली, हात बरा होऊ दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोहन बोपण्णासोबत ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. हरली, पण तिचा लहान मुलगा बघायला होता. फेब्रुवारीत दुबईला शेवटची स्पर्धा खेळून ती थांबली.

३. खाशाबा जाधव : गुडघ्याची गोष्ट

प्रत्येकाला असं परत येता येतंच असं नाही. मुलांना खोटं सांगू नये म्हणून ही दुसरी गोष्ट.

खाशाबा दादासाहेब जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ते ऑलिम्पिक हुकलं. तेव्हा आजच्यासारख्या शस्त्रक्रिया नव्हत्या. ऑलिम्पिकची वाट तिथेच संपली. पुढे त्यांनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये अपघातात ते गेले. हयातीत हवा तसा मान मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

तरी त्यांचं काय उरलं? आज महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. वारसा हा शब्द मुलांना समजावताना मी एवढंच सांगते की, आपण थांबल्यावरही दुसऱ्याच्या कामी येतं ते वारसा.

४. लिअँडर पेस : ही गोष्ट जपून सांगा

खाशाबांनंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते १९९६ ला, अटलांटामध्ये, आणि तेही टेनिसमध्ये. १९९६ वजा १९५२, म्हणजे ४४ वर्षांनी. लिअँडर पेसच्या मनगटाला उपांत्य सामन्यात आगासीविरुद्ध दुखापत झाली होती. तसाच खेळून त्याने कांस्यपदकाचा सामना ३-६, ६-२, ६-४ असा जिंकला.

ही गोष्ट आपण फार आवडीने सांगतो, आणि इथेच जपायला हवं. लिअँडर तेव्हा २३ वर्षांचा पूर्ण वाढ झालेला खेळाडू होता. त्याचे वडील वेस पेस, मूळचे गोव्याचे, १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवलेले आणि क्रीडावैद्यकाचे डॉक्टर. आयुष्यातला एक सामना म्हणून त्याने तो निर्णय घेतला. आपल्या चौथीतल्या पोराच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. तिथे मऊ कूर्चा असते, तिला इजा झाली तर हाडाची वाढच बिघडू शकते. तालुकास्तरावरच्या ढालीसाठी "लिअँडर बघ कसा खेळला" असं म्हणून सुजलेल्या पायावर मुलाला उभं करणं याला जिद्द म्हणत नाहीत.

म्हणून तिघांची गोष्ट सोबतच सांगावी. एक जण तसाच खेळला, एक जण वळली, एक जण थांबले. तिघंही मोठेच.

५. आपल्या मैदानावर

आपल्याकडे नांदगावच्या आसपासच्या शाळांत मॅट नसते. मुरमाच्या मैदानावर खो-खो आणि कबड्डी चालते, बरीचशी मुलं अनवाणी. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा घोटा केंद्राच्या सामन्याआधी मुरगळला. आई शाळेत आली आणि म्हणाली, "मॅडम, तिले आता खो-खोत नका घेऊ जी. पोरीची जात हाये, पाय अधू झाला तं कोन पाह्यते?"

या बोलण्याला आपण अडाणीपणा म्हणू नये. कापूस वेचायच्या दिवसांत मुलीला अमरावतीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, वर तिकीट आणि औषध. मुलाचा पाय मुरगळला तर "होते बरा" म्हणतात, मुलीचा मुरगळला तर खेळच बंद होतो, हेही तितकंच खरं. मी त्या आईला एवढंच म्हटलं की, पाय पूर्ण बरा होईपर्यंत ती पळणार नाही, पण मैदानावर येऊ द्या. मग तीन आठवडे ती वेळ मोजायची आणि गुण लिहायची. कोणती खेळाडू कोणत्या बाजूला फसते हे तिला बसल्या जागेवरून दिसायला लागलं, आणि सामन्यात तिच्या खुणेवर मुली वळायला लागल्या. पाय बरा झाल्यावर आई स्वतःच म्हणाली, "खेळू द्या तिले."

दुखापत झालेल्या मुलाला मैदानाबाहेर काढलं की ते मूल खेळातून जातंच, कधीकधी शाळेतूनही मन काढून घेतं. त्याला दुसरं काम दिलं की ते आपलंच राहतं.

६. शिक्षक आणि पालकांनी लक्षात ठेवायचं

- दुखापत झाली की खेळ लगेच थांबवा. "थोडं चालून बघ, मोकळं होते" असं म्हणू नका.
- बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा, उघडा बर्फ कातडीवर ठेवू नका. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा. पाय थोडा उंच ठेवा.
- पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नको. ओढून बसवून देणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका. हाडाला चीर असली तर त्याने ती वाढते.
- पायावर भार घेता येत नसेल, भाग वाकडा दिसत असेल, बोटं बधिर होत असतील किंवा सूज वाढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- डोक्याला मार लागला, चक्कर किंवा उलटी झाली तर थेट दवाखाना. त्या दिवशी खेळ नाहीच.
- परत खेळताना आधी चालणं, मग हळू पळणं, मग वळणं, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला दुखत नसेल तरच पुढची.

७. वर्गात घेण्यासारखं

- सानियाची कालरेषा वहीत काढा. २००८ ला लाल खूण करा आणि तिच्या आधी व नंतर काय घडलं ते लिहा.
- ९१ आठवडे म्हणजे साधारण किती महिने? किती वर्षं?
- सानिया, खाशाबा आणि लिअँडर यांच्यापैकी कोणाचा निर्णय तुला सगळ्यात अवघड वाटतो? का? पाच ओळी लिही.
- तुला किंवा घरातल्या कोणाला दुखापत झाली तेव्हा कोणतं काम बंद पडलं आणि कोणतं करता आलं? घरी विचारून ये.

शेवटच्या प्रश्नाला मुलं खेळाच्या पलीकडची उत्तरं आणतात. कोणाच्या बाबाची कंबर धरली म्हणून ते आता बैलजोडीऐवजी किराणा बघतात, कोणाची आजी गुडघ्यामुळे वावरात जात नाही पण सगळ्यांची लेकरं सांभाळते. सानियाने एकेरी सोडून दुहेरी धरली, तेच आपल्या घराघरांत चाललेलं असतं. मुलांना ते नाव घेऊन ओळखता आलं की पाठ झाला असं समजायचं.

तुमच्या शाळेत दुखापत झालेल्या मुलांना तुम्ही कोणती कामं देता, ते जरूर कळवा. बाकीच्या शाळांना उपयोग होईल.