औषध फुकट, पण कुठल्या खिडकीवर?

यंदाच्या कार्यक्रमाच्या निधीतला एक वाटा ॲरिझोनातल्या आदिवासी रुग्णांसाठी द्यायचा असं ठरलं, तेव्हा सभेत एक प्रश्न आला: "नेटिव्ह अमेरिकन लोकांना सरकार औषधं फुकट देतं ना? मग आपले पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी सॉफ्टवेअरवाला, फार्मसीतला नाही. पण ही व्यवस्था समजून घेतल्यावर लक्षात आलं की "फुकट" हा शब्द खरा आहे, फक्त अर्धा.

जमिनींच्या बदल्यात अमेरिकन सरकारने जमातींशी जे करार केले, त्यातल्या काहींत डॉक्टर आणि औषधोपचाराचं वचन होतं. ते निभावण्याचं काम १९५५ पासून इंडियन हेल्थ सर्व्हिसकडे आहे. पुढे आपण नुसतं आयएचएस म्हणू. (यातले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, हे सांगायला नकोच!) सरकारमान्य जमाती सुमारे पावणेसहाशे. १९७५ च्या कायद्यानंतर बऱ्याच जमाती आपले दवाखाने स्वतःच चालवतात.

आता मुख्य मुद्दा. आयएचएस म्हणजे इन्शुरन्स नव्हे. आपलं इन्शुरन्स कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानातही चालतं. आयएचएस ही दवाखान्यांची साखळी आहे. तिच्या फार्मसीत पात्र रुग्णाला यादीतलं औषध मिळतं, को-पे शून्य. या यादीला फॉर्म्युलरी म्हणतात. देशभरासाठी एक किमान यादी असते आणि प्रत्येक ठिकाणची समिती त्यात भर घालते. म्हणजे एका दवाखान्यात मिळणारं महागडं औषध दुसरीकडे मिळेलच असं नाही.

आणि औषध शहरातल्या खासगी दुकानातून घ्यावं लागलं तर? त्यासाठी 'पर्चेस्ड अँड रेफर्ड केअर' नावाचा वेगळा निधी आहे, पण तो मर्यादित. रुग्ण ठराविक भागात राहणारा हवा, मंजुरी हवी, आणि आधी इतर सगळे पैसे देणारे संपले पाहिजेत. बाहेर इमर्जन्सीत दाखल झालं तर ७२ तासांत कळवावं लागतं. वृद्ध आणि अपंगांना ३० दिवस. सरकारी वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून "जूननंतर आजारी पडू नका" अशी म्हणच त्या लोकांत पडली. हसू येतं आणि येतही नाही.

म्हणून मेडिकेडचा फॉर्म महत्त्वाचा. "मला फुकट मिळतंच, फॉर्म कशाला भरू?" असं अनेकांना वाटतं. पण १९७६ च्या कायद्याने आयएचएसला मेडिकेअर आणि मेडिकेडला बिल लावता येतं. रुग्णाला भुर्दंड नाही, दवाखान्याला पैसे मिळतात, शिवाय मेडिकेडचं कार्ड ते घेणाऱ्या शहरातल्या दुकानांतही चालतं. मेडिकेअरची औषध योजना, पार्ट डी, २००६ मध्ये सुरू झाली. ती उशिरा घेतली तर आपल्या आईवडिलांना दंड लागू शकतो. आयएचएसची सेवा मिळणाऱ्यांना लागत नाही, कारण तिथली औषधसोय तेवढ्याच तोलाची मानली जाते.

मला सगळ्यात भावला तो तिथला फार्मासिस्ट. पिशवी देऊन मोकळा होणारा नव्हे. रुग्णाला शेजारच्या खोलीत बसवून तो तीन प्रश्न विचारतो: डॉक्टरांनी हे औषध कशासाठी दिलंय? कसं घ्यायला सांगितलंय? घेतल्यावर काय होईल म्हणाले? उत्तर रुग्णाने द्यायचं, म्हणजे गैरसमज तिथेच उघडा पडतो. ही पद्धत आयएचएसमध्येच तयार झाली आणि आज फार्मसी कॉलेजांत शिकवतात. त्याच्यासमोर रुग्णाचा पूर्ण रेकॉर्ड असतो, लॅब रिपोर्टसकट. (ते सॉफ्टवेअर १९८४ पासूनचं, 'मम्प्स' नावाच्या भाषेतलं. आमच्या जावावाल्यांनी नावही ऐकलं नसेल, पण अजून चालतंय!) मधुमेहाच्या बाबतीत डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट मिळून काम करतात, किडनी जपणारी रक्तदाबाची गोळी वेळेवर सुरू करतात. १९९६ ते २०१३ या काळात नेटिव्ह अमेरिकन प्रौढांत मधुमेहामुळे किडनी निकामी होण्याच्या नव्या केसेसचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. घराघरांत साखरेचा त्रास असलेल्या आपल्या समाजाने हा आकडा दोनदा वाचावा.

मग उरतं काय? अंतर. नावाहो नेशन तीन राज्यांत पसरलेलं, सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर. आपलं कोकण त्यात दोनदा मावेल. कित्येक घरांना रस्त्याचा पत्ता नाही, त्यामुळे टपाल दूरच्या पोस्टातल्या पेटीत येतं. काही घरांत वीज नाही, म्हणजे फ्रिज नाही, आणि इन्सुलिनला तर गारवा लागतो. औषध खिडकीवर फुकट, पण खिडकीपर्यंत जाण्याचा गॅस फुकट नाही.

आपल्या समितीने निधी याच दोन गोष्टींसाठी ठेवला आहे: गॅस कार्डं आणि इन्सुलिनच्या थंड पिशव्या. चेक मंडळाच्या नावाने लिहावा आणि मेमोच्या ओळीत 'आदिवासी आरोग्य' एवढं जरूर घालावं, म्हणजे खजिनदारांचा हिशोब सोपा होईल.