अपडेटची सक्ती असावी काय?

मनुष्याने निर्माण केलेली कोणतीही वस्तू प्रथमपासून निर्दोष नसते. नवे घर बांधले तरी कोठे गळते हे पहिला पावसाळा आल्यावाचून कळत नाही. आज बहुतेक घरांत असलेला स्मार्टफोन हाही या नियमास अपवाद नाही. फरक इतकाच की, घराची कौले शाकारण्यास माणूस केव्हा बोलवावा हे घरधनी ठरवितो. फोनमधील दोष मात्र तो तयार करणारी कंपनी दूर देशी बसून, पुष्कळदा आपण निद्रिस्त असता, दुरुस्त करून टाकते. या दुरुस्तीस अपडेट म्हणतात. ती स्वीकारावी की नाकारावी हे ठरविण्याचा हक्क फोनच्या मालकाचा असावा, की ती सर्वांवर सक्तीने लादली जावी? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या फोनमध्ये आईवडिलांचे बँकेतील पैसे, आजोबांचे पेन्शन आणि मुलांचा अभ्यास एकत्र नांदतात, त्या फोनवर अखेरची सत्ता कोणाची, असा त्याचा खरा अर्थ आहे. सबब त्याचा दोन्ही बाजूंनी विचार करू.

अपडेटचे तीन प्रकार

वादाचा निम्मा गोंधळ एकाच शब्दाने तीन भिन्न गोष्टी दर्शविल्या जातात यामुळे होतो. पहिला प्रकार संरक्षक दुरुस्तीचा. फोन चालविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लक्षावधी ओळी असतात. त्यांत एखादी चूक राहून जाते व तीतून चोरास आत शिरण्यास वाट मिळते. ती वाट बुजविणे हा या दुरुस्तीचा हेतू. दुसरा प्रकार सोयी व स्वरूप बदलण्याचा: चिन्हांची मांडणी पालटणे, नवे गुण जोडणे इत्यादी. तिसरा प्रकार अटी बदलण्याचा, किंवा मालकाने न मागितलेली वस्तू फोनमध्ये ठेवण्याचा. पहिल्यात वैद्याचे काम आहे, दुसऱ्यात रंगाऱ्याचे, आणि तिसऱ्यात घरमालकाने भाडेकरूस नवा करारनामा पुढे करावा तसा प्रकार आहे. तिन्हींस एकच न्याय लावणे युक्त होणार नाही.

सक्तीच्या बाजूचे म्हणणे

सक्तीचा कैवार घेणारे म्हणतात की, फोन एकट्याचा असला तरी त्यातील दोष एकट्याचा राहत नाही. आपल्या अलोरे गावाजवळ कोळकेवाडीचे धरण आहे. धरणाची भिंत दुरुस्त करावी की नाही हा केवळ धरण राखणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न असतो काय? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीस भेगा पडल्या, तेव्हा त्या बुजवून भिंत अधिक बळकट करण्यात आली. कारण भिंतीखाली राहणाऱ्यांचे प्राण तिच्यावर अवलंबून होते. तद्वत् एका फोनमध्ये शिरलेला चोर त्या फोनमधील सर्व ओळखीच्या लोकांस खोटे संदेश पाठवून फसवू शकतो.

याचा ढळढळीत पुरावा २०१७ साली मिळाला. विंडोज प्रणालीतील एका दोषावर मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च रोजी दुरुस्ती काढली. अनेकांनी ती बसविली नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम त्याच वाटेने शिरला आणि दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने अगोदर तयार होते. घेतले मात्र गेले नव्हते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

आता दुसरी बाजू पाहू. तिचा पुरावा त्याच वर्षाचा असून आपल्या कोकणच्याच किनाऱ्यावरचा आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा घातक प्रोग्राम जगात पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्याने बंद पाडले, आणि तिच्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हा प्रोग्राम प्रथम शिरला कोठून? युक्रेनमधील ‘एमईडॉक’ नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! शत्रूने अपडेट पाठविणाऱ्याच्याच कोठारात विष कालविले होते. ज्यांनी विश्वासाने अपडेट स्वीकारले तेच प्रथम बळी पडले. पुढे तो पसरला तो अंशतः मार्च महिन्यातील दुरुस्ती न बसविलेल्या यंत्रांतून, तर अंशतः चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने दुरुस्त यंत्रांतूनही. एकाच घटनेत अपडेट घेण्याचा आणि न घेण्याचा, असे दोन्ही धोके दिसले. या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याने न्हावा शेव्याचे हे उदाहरण कधीही विसरू नये.

अपडेट पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी चूक घडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक नावाच्या संरक्षक सॉफ्टवेअर कंपनीने एक सदोष अपडेट एकाच वेळी सर्वत्र धाडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लक्ष संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. असे अपडेट थोडे थांबून घेण्याची सोय ग्राहकांना नव्हती. ती देण्याचे कंपनीने या अनर्थानंतर मान्य केले.

येथे आपल्या वीजगृहाचे उदाहरण बोधप्रद आहे. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकी ८० मेगावॉटची चार जनित्रे आहेत. चारही जनित्रे एकाच क्षणी खोलून त्यांत न तपासलेला नवा भाग बसविण्यास कोणता शहाणा अभियंता धजेल? तो एक यंत्र थांबवील, दुरुस्त करील, चालवून पाहील, आणि मगच दुसऱ्यास हात लावील.

तिसरा आक्षेप मालकीचा आहे. अपडेटमुळे जुने आयफोन मंदावतात ही गोष्ट ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केली. जीर्ण बॅटरीमुळे फोन अकस्मात बंद पडू नये म्हणून आपण तसे केले, असे तिचे म्हणणे होते. कारण खोटे नव्हते; पण ते ग्राहकास सांगितले नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीने याच कारणासाठी अडीच कोटी युरो दंड भरला. फोन मंद झाला असे वाटून किती लोकांनी विनाकारण नवा फोन घेतला असेल! मोलमजुरी करून फोन घेणाऱ्या कुटुंबास हा प्रश्न तात्त्विक नसून पोटाचा आहे.

एक कठीण उदाहरण

काही प्रसंगी मात्र सक्तीवाचून गत्यंतर नसते. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या २०१६ साली पेट घेऊ लागल्या. कंपनीने फोन परत मागविले. तरीही काहींनी ते दिले नाहीत. तेव्हा अमेरिकेत अपडेट पाठवून ते फोन भारितच होऊ नयेत अशी व्यवस्था करावी लागली. जुलै २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ६ए या फोनसाठी सक्तीचे अपडेट काढले. चारशे वेळा भारित झालेल्या ज्या बॅटऱ्या तापण्याचा संभव होता, त्यांची शक्ती त्याने कमी होत असे. मात्र त्याबरोबर विनामूल्य नवी बॅटरी अथवा भरपाई देऊ केली. शेजाऱ्याच्या घरास आग लावणारी वस्तू बाळगण्याचे स्वातंत्र्य कोणासही नाही. परंतु ती काढून घेणाऱ्याने कारण सांगावे व नुकसान भरून द्यावे, हा न्याय येथे दिसतो.

आपल्या देशातील अनुभव

तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अटी किंवा नवी वस्तू लादणाऱ्या बदलांचा अनुभव आपल्या देशानेही घेतला आहे. २०२१ साली व्हॉट्सॲपने ‘नव्या अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा’ असा पवित्रा घेतला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने तो अनुचित ठरवून मूळ कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस केंद्रीय दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालावे आणि तयार झालेल्या फोनांत अपडेटद्वारे पोहोचवावे, असा आदेश काढला. चोरीचे व बनावट फोन शोधणे हा हेतू चांगला होता. तथापि सक्तीस विरोध होताच ३ डिसेंबर २०२५ रोजी ती मागे घेण्यात आली.

हेतू चांगला असूनही सक्तीने काम बिघडते याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात फार पूर्वीच मिळाला आहे. १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा रोगाचा फैलाव थांबविणे अवश्यच होते. परंतु गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या, लोकांच्या भावनांची पर्वा राहिली नाही, आणि लोकांस रोगाइतकीच उपायाचीही धास्ती वाटू लागली. त्याच वर्षी मुंबईत डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जो उपाय दुसऱ्यास सांगावयाचा तो आधी स्वतःवर पाहावा, यानेच विश्वास उत्पन्न होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील सिद्धांत निघतात. संरक्षक दुरुस्ती आपोआप व्हावी. परंतु मालकास काही दिवस थांबण्याची मुभा असावी, आणि ती टप्प्याटप्प्याने पाठविली जावी. ज्या दोषाने दुसऱ्याच्या जिवास अपाय होण्याचा संभव आहे, तेथे सक्ती न्याय्य आहे. पण कारण उघड सांगून व नुकसान भरून. रूप व सोयी बदलणारे अपडेट पूर्णपणे ऐच्छिक असावे. अटी बदलण्यासाठी संरक्षक दुरुस्तीची ढाल कधीही पुढे करू नये. औषधाच्या पुडीत करारनामा गुंडाळून देणे हा अप्रामाणिकपणा होय.

सक्तीबरोबर कर्तव्यही येते. जो दुरुस्ती घ्यावयास लावतो, त्याने ती दीर्घकाळ पुरविलीही पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीच्या फोनांत व्हॉट्सॲप चालेनासे झाले. असे फोन वापरणाऱ्यांपुढे नवा फोन घेण्यावाचून मार्ग उरला नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की, फोनच्या एखाद्या नमुन्याची विक्री कंपनीने थांबविल्यावर निदान पाच वर्षे त्यास अपडेट मिळाले पाहिजे. असा कायदा आपल्याकडेही होणे इष्ट आहे.

राहता राहिले आपले कर्तव्य. विद्यार्थिमित्रहो, घरातील वडील माणसे अपडेटच्या सूचनेस भितात किंवा न वाचता ती मान्य करतात. त्यांच्याजवळ बसून सूचना वाचून दाखवा. संरक्षक दुरुस्ती असेल तर ती टाळू नका. अपडेट नेहमी फोनच्या सेटिंग्जमधून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲप दुकानातूनच घ्या. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कदापि घेऊ नका, कारण चोरही अपडेटचे सोंग घेऊन येतो. अपडेटपूर्वी महत्त्वाची छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र जतन करा. स्वातंत्र्याचा हक्क सांगणाऱ्याने सावधगिरीचे ओझे आपणहून उचलले, तर त्याच्यावर सक्ती करण्याचे प्रसंग फारच थोडे उरतील.

मननार्थ प्रश्न

१. न्हावा शेवा येथील घटनेने सक्तीची बाजू बळकट होते की विरुद्ध बाजू? सकारण लिहा.
२. नोट ७ व संचार साथी या दोन उदाहरणांतील सक्तीत कोणता भेद आहे?
३. आपल्या घरातील फोनांस संरक्षक दुरुस्ती अखेरची केव्हा मिळाली, हे वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने पाहून लिहून काढा.