मेमरीची गळती थांबली, हे कशावरून?

पेशवाईत कात्रजकडून बंदिस्त नळाने येणारे पाणी सदाशिव पेठेतील हौदात पडत असे. अशा नळाची गळती गवंडी चुना भरून गेला म्हणून थांबली असे होत नाही. हौदाची पातळी रात्रभर पाहावी लागते. आज पेठेतल्या दुकानांत बिलाचा संगणक आहे, पण त्याच्या गळतीबाबत आपले व्यापारी बंधू ‘झाले दुरुस्त’ एवढ्या शब्दावर पैसे मोजतात.

प्रोग्रॅम कामापुरती मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसनी घेतो. ती अमानत आहे, काम होताच परत करायची. परत केली नाही तर त्याला मेमरी लीक म्हणतात. बिलाचा प्रोग्रॅम बंद केला की त्याने अडकवलेली मेमरी सिस्टिम सोडवून घेते. मात्र चूक सिस्टिमच्या गाभ्यातच असेल, तर मशीन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ती मेमरी सहसा सुटत नाही. मग नेमके चांदरातीच्या गर्दीत मशीन बसते.

ही गळती बहुधा अडलेल्या वाटेवर असते. तीन वस्तू उसन्या घ्यायच्या होत्या. दोन मिळाल्या, तिसरी नाकारली गेली आणि प्रोग्रॅम पहिल्या दोन न देताच माघारी फिरला. दुरुस्ती एका ओळीची दिसते: परत कर. धोका इथेच आहे. ती मेमरी कोणी आधीच परत केली असेल किंवा अजून वापरत असेल, तर तीच जागा दुसऱ्याला दिली जाते आणि दोघे एकाच पानावर हिशेब लिहू लागतात. गळतीने मशीन मंदावते. चुकीच्या दुरुस्तीने खतावणीच बिघडू शकते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्सकडे किरकोळ दुरुस्त्या भासतील असे सदोष बदल मुद्दाम पाठवले. त्यावरून २०२१ साली मोठा गदारोळ झाला. मग जाणकारांनी त्या विद्यापीठाचे ४३५ बदल पुन्हा तपासले. बहुतेक प्रामाणिक आणि योग्य होते, तरी ३९ चुकीचे निघाले. हेतू चांगला असला तरी तपासणी टळत नाही, ती अशी.

तपासणाऱ्याने प्रत्येक वाटेवर बोट ठेवून मेमरी कोणाच्या ताब्यात आहे आणि परत कोण करणार, हे पाहावे. मग मेमरी नाकारली जाईल अशी अडचण मुद्दाम उभी करून ती वाट हजारदा चालवावी, आधीचे व नंतरचे आकडे मांडावेत. लिनक्समध्ये गळती शोधणारे ‘केमेमलीक’ २००९ पासून आहे, तर परत केलेली मेमरी वापरणाऱ्याला पकडणारे ‘कासान’ २०१५ पासून. दोन्ही लावावीत, एकट्या पहिल्याने निम्मेच काम होते.

शिवाय दिवसभराची चाचणी पुरत नाही. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत एका बदलानंतर दर गाडीमागे थोडी मेमरी अडकू लागली. सुमारे तीन आठवडे कोणाला पत्ता लागला नाही. ४ नोव्हेंबर १९९२ रोजी यंत्रणा बंद पडली.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याकडून आकड्यांचा कागद मागावा, आणि निम्मी रक्कम तीन आठवड्यांनी देण्याची बोली आधीच लिहून घ्यावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आपल्याला आहेच.