कोड घरच्या सर्व्हरवर ठेवायचाय

प्रश्न : आम्ही चौघे मिळून सॉफ्टवेअर बनवतो. गिटहबऐवजी स्वतःचा सर्व्हर हवाय. ४ जीबी रॅमचा जुना पीसी आहे. गिटलॅब टाकू का?
– एक वाचक, बोगादी (म्हैसूर)

उत्तर : पीसी चालेल, गिटलॅब नको. चौघांच्या भाताला लग्नाचं पातेलं कशाला? गिटी किंवा २०२२ मध्ये त्यातून फुटून निघालेलं फॉर्जेयो घ्या. ती रास्पबेरी पायवरही चालतात. माझा कल फॉर्जेयोकडे.

खरी मेख बॅकअपची. क्लोन केलेला कोड प्रत्येकाच्या लॅपटॉपवर इतिहासासकट असतो, त्यामुळे तो सहसा वाचतो. इश्यू आणि पुल रिक्वेस्टवरची चर्चा मात्र सर्व्हरच्या डेटाबेसमध्येच असते. डिस्क गेली की तीही गेली. माझी एकदा गेलीय. रोज रात्री डंप काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या मशीनवर चढवून बघाच.