दगडातील शिंपले
विद्यार्थ्याने दगड झालेला शिंपला वर्गात आणल्यास, तो कोणत्या खडकातला हे शिक्षकांनी प्रथम विचारावे. आपला दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचा; त्यात सागरी शिंपले मिळावयाचे नाहीत. दोन लाव्हाथरांच्या मधे तळ्यांचा गाळ साचला आहे तेथे, जसे नागपूरजवळ, गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख मात्र सापडतात. सागरी शिंपले पाहावयाचे तर कच्छकडे वळावे. तेथील ज्युरासिक काळातील, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत ट्रायगोनिया नावाच्या जाड, त्रिकोणी शिंपल्यांचे जीवाश्म विपुल आहेत. (ह्या कुळाचे जिवंत वंशज आज केवळ ऑस्ट्रेलियाभोवतीच्या समुद्रात उरले आहेत!) नमुन्यासोबत स्थळ व खडक नोंदविलेली चिठ्ठी अवश्य ठेवावी, ती हरवल्यास शिंपल्याचा काळ ठरविणे फार कठीण जाते.