वेगळे व्हा, पण पोराला सांगून

आईबापांनो, तुमचं वेगळं व्हायचं ठरलंच असेल तर मी अडवायला बसलेली नाही. समुपदेशक म्हणजे कसंही करून संसार जोडून देणारा, असं आपल्याकडे धरूनच चालतात. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही आधी समेटाचे प्रयत्न करायला सांगितलेत, त्यासाठी समुपदेशकांची सोय केली. पण जाणता समुपदेशक दोघांचं आधी वेगवेगळं ऐकतो, मग समोरासमोर बसवतो, आणि जुळत नाही असं दिसलं की विषय बदलतो. मूल कुणाकडे राहील, दुसऱ्याला कधी भेटेल, खर्च कोण देईल? मारहाण होत असेल तर मात्र समोरासमोर बसवायची घाई करूच नये. तिथे आधी बाईचा जीव, मग बोलणी.

डहाणू-तलासरीत गोष्ट आणखी वेगळी. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही. म्हणून वारली, कोकणा घरांतला काडीमोड अनेकदा रूढीप्रमाणे, पंचांसमोर होतो. पंचांचा मला आदर आहे. दोन्ही घरं त्यांना आतून-बाहेरून ठाऊक असतात, तेवढी न्यायाधीशाला कुठून असणार? पण देण्याघेण्याचा हिशेब मिटतो त्या बैठकीत तुमचं पोर नसतं. ते आश्रमशाळेत असतं.

आई उंबरगावच्या कारखान्यात, बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर, आणि घर मोडल्याची बातमी पोराला कळते शेजारच्या पाड्यावरच्या मुलाकडून. एवढं होऊ देऊ नका. दोघं मिळून शाळेत जा. एकत्र जाणं नकोच वाटत असेल तर वेगवेगळ्या दिवशी जा, पण सांगणं एकच ठेवा : आम्ही वेगळे राहणार आहोत, त्यात तुझा काही दोष नाही, भेटायला दोघंही येऊ. दारू, संशय, सासू, पैसा, हे त्याच्यापुढे उकरू नका. ‘तुला कोण हवं?’ हे तर मुळीच विचारू नका. आठ वर्षांच्या जिवाने त्याचं काय उत्तर द्यावं? पोटगीचे निरोपही त्याच्या हाती धाडू नका.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जमातींच्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि सुट्टीला पोराला न्यायला कोण येणार, ते दोघांच्या सह्यांनिशी वसतिगृहाच्या अधीक्षकांना आत्ताच लिहून द्या.