ज्या यंत्रावर भरली, त्यावरच वाजते

चार ट्रॅकची भरलेली कॅसेट घरातल्या साध्या डेकमध्ये घालून बघा. 'अ' बाजूला चारांपैकी दोनच ट्रॅक ऐकू येतात. कॅसेट उलटली की उरलेले दोन येतात, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. दुप्पट वेगानं भरली असेल तर सगळंच एक सप्तक खाली जातं: काळी चारमध्ये गाणारी बाई पुरुषी आवाजात आणि अर्ध्या लयीत गाऊ लागते. त्यात भरताना डीबीएक्स, म्हणजे टेपची सूं दाबणारी सोय, लावलेली असली तर आवाज चेपलेला आणि मागं अखंड सूंऽऽ. माझ्या मेहुण्यानं एकदा हौसेनं हा प्रयोग केला आणि संध्याकाळी फोन केला, "भाऊजी, तुमची कॅसेट बाद झाली." कॅसेट ठणठणीत होती.

हे आधी सांगायचं कारण, सध्या तरुण मुलं कॅसेटवर चार ट्रॅक भरणारी ही जुनी यंत्रं शोधताहेत आणि कुठलं घ्यावं असं विचारताहेत. नॉब किती, इनपुट किती, हे सगळे पुढचे प्रश्न. आधी डोक्यात पक्कं असावं की आपण यंत्र आणि टेप अशी जोडीच घेतोय, आणि ती फुटली की दोन्ही निकामी.

फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली ती बोलणं टिपण्यासाठी. टेपची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर. १९७९ मध्ये टिॲक कंपनीनं पोर्टास्टुडिओ १४४ काढलं आणि त्या एवढ्याशा पट्टीवर चार ट्रॅक एकाच दिशेनं भरायची सोय केली. टेप सेकंदाला ४.७६ ऐवजी सुमारे ९.५ सेंटिमीटर पळवली, म्हणून आवाज सुधारला. किंमत अशी, की साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपते. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर गाण्यांचे कच्चे खर्डे भरले. पुढं बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण जमलं नाही, आणि शेवटी 'नेब्रास्का' हा अल्बम त्या घरच्या कॅसेटवरूनच निघाला. या गोष्टीनं अनेकांना यंत्र घ्यायला लावलंय. मलाही.

माझं यंत्र मावसभावानं अमेरिकेतून आणलं. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०; त्यामुळं पहिली खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची. थेट जपानी बाजारातलं यंत्र असेल तर ते १०० व्होल्टचं असतं. बाहेरून अडॅप्टर लागणारं असेल तर व्होल्टेज, ॲम्पिअर आणि पिनमधलं अधिक-उणे यंत्रावर छापलेलं असतं. तिन्ही जुळल्याशिवाय बटण दाबू नका.

यंत्र काही वर्षं छान चाललं. अभंगांच्या चाली, बालगीतं, एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत त्यावर झालं. मग इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा षड्ज डुलायला लागला. बोलण्यात वेग थोडा हलला तर कुणाला कळत नाही. तानपुऱ्याचा स्थिर सूर मात्र टेपची प्रत्येक डुलकी उघडी पाडतो. बेल्ट सैल पडला होता. एका दुरुस्तीवाल्याकडं दिलं. त्यानं बेल्ट बदलला, तोही व्यवस्थित. पण चाचणीला त्यानं सिनेगीतांची आपली कॅसेट लावली. ती भलत्याच वेगानं पळाली, म्हणून त्यानं मोटरचा स्क्रू फिरवून जमेल तेवढा वेग उतरवला. त्या कॅसेटची टीप नीट येईना म्हणून हेडचाही स्क्रू पिळला. आणि "एकदम सेट करून दिलंय" म्हणून यंत्र परत केलं.

घरी आल्यावर माझ्या सगळ्या जुन्या टेप उतरलेल्या आणि कांबळं पांघरल्यासारख्या वाजू लागल्या. पिच कंट्रोल शेवटापर्यंत फिरवूनही सूर जागेवर येईना. हेड टेपला काटकोनात नसलं, तिरपं झालं, की आधी वरची टीप मरते. साध्या डेकवरही तसंच होतं. पण इथं चारही ट्रॅक त्याच हेडवर, आणि त्या टेप वाजवायला दुसरं यंत्र घरात नाही.

तारलं ते एका सवयीनं. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला मी अर्धा मिनिट तानपुऱ्याचा षड्ज चारही ट्रॅकवर भरून ठेवत असे आणि पट्टी वेष्टनावर लिहीत असे. दुसऱ्या, जाणत्या कारागिरानं तो षड्ज लावला, ट्यूनर समोर ठेवून वेग जुळवला, आणि टाळांचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथं हेडचा स्क्रू थांबवला. टेपवर तो षड्ज नसता तर वेग अंदाजानंच लावावा लागला असता. ही सवय तुम्ही पहिल्या टेपपासून लावून घ्या. आणि यंत्र दुरुस्तीला देताना सोबत तुमची स्वतःची भरलेली टेप द्या. "वेग आणि हेड याच टेपवर जुळवायचं, दुसऱ्या कशावर नाही" असं चिठ्ठीवर लिहून चिकटवा.

विकत घेतानाची चाचणीही यातूनच निघते. विकणारा बाजारातली गाण्यांची कॅसेट लावून दाखवतो. त्यानं फार तर हेड वाजतं आणि मोटर चालू आहे एवढं कळतं. रेकॉर्डिंग होतं की नाही, काहीच कळत नाही. तुम्ही कोरी कॅसेट घेऊन जा. चारही ट्रॅकवर एकेक करून, आळीपाळीनं बोला: "ट्रॅक एक", "ट्रॅक दोन". मग एकेक फेडर उघडून ऐका. आवाज येतो का, शेजारच्या ट्रॅकचं बोलणं किती झिरपतं, आणि जुनं पुसून नवं भरताना खाली जुनं कुजबुजतं का, हे तपासा. मालकाकडं त्यानंच पूर्वी या यंत्रावर भरलेली टेप असेल तर ती आवर्जून मागा. ती आजही लख्ख वाजली तर हेड आणि वेग जागेवर आहेत, याहून चांगला दाखला नाही. शेवटी टॉर्च घेऊन हेड बघा. नखाला खाच लागली तर नमस्कार करून निघा, कारण बेल्ट मिळतो, हेड मिळता मिळत नाही.

आता निवड. एका वेळी किती ट्रॅक भरता येतात ते विचारा. फॉस्टेक्स एक्स-१५ सारख्या यंत्रात ट्रॅक चार, पण एका वेळी भरता येतात दोनच. गिटार आणि आवाज एकावर एक चढवणाऱ्याला तेवढं पुरतं. आपल्याकडं तबलजी गायकाच्या तोंडाकडं बघून वाजवतो. ख्याल किंवा ठुमरी तुकड्यातुकड्यानं भरायचा उद्योग करू नये, मी ऐकलेला असा प्रत्येक प्रयत्न मेलेला होता. गाणं, पेटी आणि तबला एकत्र टिपायचं तर चारही ट्रॅक एकदम भरणारंच यंत्र घ्या. दुप्पट वेग असेल तर उत्तम. आणि प्रत्येक ट्रॅकचं स्वतंत्र 'टेप आउट' मागच्या बाजूला आहे ना, हे बघा. त्याचं महत्त्व शेवटी येतंच.

वापरताना पिच कंट्रोल मध्यावर ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. गिटार, तानपुरा सुरात आणता येतो, पेटीचे सूर मात्र ठरलेले. पहिला ट्रॅक किंचित चढ्या वेगानं भरला गेला तर नंतर पेटी त्यावर बसणारच नाही. टेप टाइप टू, म्हणजे 'क्रोम', घ्यावी; नव्वद मिनिटांपेक्षा लांब नको, ती पातळ असते. कोरी कॅसेट एकदा पूर्ण पुढं नेऊन मागं आणा, मगच भरा. १ आणि ४ हे ट्रॅक टेपच्या काठावर असतात, काठ आधी खराब होतो, म्हणून मुख्य गाणं आतल्या ट्रॅकवर घ्या. डीबीएक्स भरताना आवाजाची चढउतार निम्मी करतं आणि वाजवताना दुप्पट. त्यामुळं घाणेरड्या हेडमुळं झालेली चूकही दुप्पट होऊन ऐकू येते. तबल्याच्या चाटीला काटा लाल भागात जाऊ देऊ नका. हेड आणि रबरी रोलर दर बैठकीआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ड्रेसिंगचं पाणीदार स्पिरिट नको.

आपला खरा शत्रू पावसाळा. कोकणात, मुंबईत टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी टेप "बघू तरी" म्हणून लावू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. कॅसेट उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आणि भरलेली टेप त्याच आठवड्यात संगणकावर उतरवा, चारही ट्रॅक एकदम. टेप आउट नसेल तर दोन-दोन ट्रॅक दोन फेऱ्यांत उतरवावे लागतात, आणि टेपचा वेग प्रत्येक फेरीत किंचित वेगळा असल्यानं ते पुढं जाता जाता एकमेकांपासून निसटतात. मग ते हातानं जुळवत बसा.

गाणं टिपणं एवढाच हेतू असेल तर हातातला फोन आणि शंभर ट्रॅकचं सॉफ्टवेअर या यंत्रापेक्षा चांगलं काम करतं, हे निःसंकोच मान्य करतो. चारच ट्रॅक आहेत म्हणून आधी विचार करून वाजवायची शिस्त ज्याला हवी आहे, त्यानंच या फंदात पडावं. आणि ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र आणि भरलेल्या टेप दोन्ही आहेत, त्यांना एक विनंती: टेप उतरवून होईपर्यंत यंत्र भंगारवाल्याला देऊ नका.